आजीच्या पोटातलं पाणी

"तुमच्या आई कशाने गेल्या?"

"जलोदराने," आई म्हणाली.

समोरच्या, जनुकीय समुपदेशन करणाऱ्या मुलीचं पेन अडलं. असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. तिच्या पुढ्यातल्या कागदावर गोल आणि चौकोन काढलेले होते. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, वरून तिरकी रेघ म्हणजे गेलेलं माणूस. "जलोदर म्हणजे नक्की काय?" तिने विचारलं. मी सांगितलं, पोटात पाणी होणं. पूर्वी निदान तिथेच संपायचं. पोट वाढत जायचं, हातापायाच्या काड्या व्हायच्या आणि एक दिवस बाई जायची. मुलीने मान हलवली, आजीच्या गोलात पेन्सिलने हलकी छाया भरली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

आजी १९७१ साली साताऱ्यात वारली, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी. तिचं खरं निदान एक्कावन्न वर्षांनी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, पेन्सिलीने झालं.

आमच्याकडे कुलवृत्तांत आहे. जाडजूड, कापडी बांधणीचा, दिवाळीच्या साफसफाईला एकदा खाली येणारा. कोण कुठल्या गावी मामलेदार होता, कोणाला किती मुलगे, सगळं त्यात सापडतं. बायका कंसात. त्या कशाने गेल्या हे कोणी लिहिलेलं नाही, आणि या मुलीला नेमकं तेवढंच हवं होतं. आईची मावशी? "तिच्या छातीत गाठ होती. पण ते आम्हाला फार नंतर कळलं." आणखी एक गोल काळा झाला. मामा? ठणठणीत. त्याचा चौकोन कोरा राहिला. हा कोरा चौकोन पुढे आम्हाला सगळ्यात जड गेला, पण ते नंतर.

आईचा आजार थोडक्यात सांगते, कारण असे अनुभव बऱ्याच जणींनी लिहिले आहेत. निवृत्त शिक्षिका, वय एकसष्ट, राहणं नारायण पेठेत. चार महिने "गॅसेस होतात" म्हणत होती. ओवा झाला, हिंग झाला, फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. परकर सैल बांधायला लागल्यावर मी तिला ओढून सोनोग्राफीला नेलं. सीए-१२५, म्हणजे रक्तातली या कर्करोगाची एक खूण, पस्तिसाच्या आत हवं, तिचं अठराशेच्या वर. अंडाशयाचा कर्करोग, तिसरी पायरी. तीन केमो, मोठं ऑपरेशन, परत तीन केमो. हे सगळं २०२२ च्या जानेवारी ते जुलैमध्ये. केस गेले, ते तिने फारसं मनावर घेतलं नाही. चहाची चव गेली, त्याचं मात्र तिला खरंच वाईट वाटलं.

जनुकाची तपासणी करायला डॉक्टर मॅडमनी दुसऱ्या केमोच्या वेळीच सांगितलं होतं. मला ती खर्चाची भर वाटली. माझं काम कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिण्याचं, त्यामुळे प्रत्येक पावतीकडे मी आधी संशयाने बघते. "हे कळून उपचार बदलणार आहे का?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "बदलू शकतो. म्हणूनच सांगतेय." दोन नळ्या रक्त गेलं. चौथ्या आठवड्यात रिपोर्ट आला. बारा पानं, त्यातली कामाची ओळ एक. बीआरसीए-१ या जनुकात बदल, आणि तो रोगकारक. जनुकाच्या सुरुवातीलाच दोन अक्षरं गळलेली.

मी ते वाचून गप्प बसले. आई मात्र शाळेत विज्ञान शिकवायची, तिच्यातली बाई जागी झाली. तिने रिपोर्टच्या पाकिटावर लिहिलं: मदन सहज मटण तळत. (आमच्या घरात मटण कधी शिजलेलं नाही. तिला तीन अक्षरी शब्द तेवढेच सुचले.) "पेशी तीन-तीन अक्षरांचा गट करून वाचते. आता यातली दुसरी आणि तिसरी अक्षरं काढ." तिने काढली. मसह जमट णतळ त. "बघ. दोनच अक्षरं गेली, पण पुढचं सगळं वाक्य बरळलं." मग पाकीट उलटं ठेवून ती म्हणाली, "आईकडून आलंय म्हणजे."

बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं. ते प्रत्यक्ष हाती लागलं १९९४ मध्ये. कर्करोग घडवणं हे काही त्याचं काम नाही. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या तर त्या बिनचूक जोडायला मदत करायची, हे त्याचं काम. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईची एक प्रत जन्मापासून बिघडलेली. दुसरीवर साठ वर्षं निभावलं. कुठल्यातरी एका पेशीत ती दुसरीही गेली आणि गाठ तिथून सुरू झाली.

सहावी केमो झाल्यावर स्कॅन स्वच्छ आला. आता सुटलो असं मला वाटलं. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "हा आजार परत येतो, ते मी लपवणार नाही. पण तुमच्या पेशींमध्ये जो दोष निघालाय ना, तोच धरून मारता येतं. गोळी आहे. ओलापरिब. दोन वर्षं घ्यायची."

ती गोळी काय करते, ते मॅडमनी पाच मिनिटांत सांगितलं आणि मला काहीही कळलं नाही. कळलं ते आठवड्याभराने, खंडोजीबाबा चौकात.

मी कोथरूडला राहते, आई नदीपलीकडे. स्कूटरवरून माझा रस्ता भिडे पुलावरून. लकडी पूल तेव्हा दुचाकीला बंद होता, ही पुण्याची कितीतरी वर्षांची रीत. त्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली. लकडी पुलाच्या तोंडाशी ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारून मला मागे वळवलं. मी तिथे पावसात उभी. चारचाकी गाड्या लकडी पुलावरून मजेत जात होत्या. त्यांना भिडे पूल बुडाल्याने काही फरक पडत नव्हता. अडकले होते ते फक्त आम्ही, ज्यांना एक पूल आधीपासूनच बंद होता.

डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते. बऱ्याचदा एकच पट्टी तुटते. अशा जागी पार्प नावाचं एन्झाइम पहिल्यांदा धावतं. तुटलेल्या जागेला चिकटतं, स्वतःवर एका साखळीचं शेपूट वाढवतं, आणि ते शेपूट बघून दुरुस्तीची बाकीची मंडळी जमतात. हा झाला भिडे पूल. ओलापरिब या पार्पला निकामी करतं. मग एकेरी तुटी साठतात, पेशी विभागायला लागली की त्यांच्या दुहेरी होतात, आणि दुहेरी तूट जोडायला लागतो बीआरसीए, म्हणजे लकडी पूल. आईच्या बाकीच्या शरीरात बीआरसीएची एक प्रत धडधाकट आहे. त्या पेशी वळसा घालून पार होतात. गाठीच्या पेशीत दोन्ही प्रती गेलेल्या. तिला दोन्हीकडून बंद. ती मरते.

मी भिजून आईकडे पोचले आणि तिला हे उत्साहाने सांगितलं. तिने टॉवेल दिला, आलं घातलेला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "शाळेत आम्ही एन्झाइमला विकर म्हणायचो," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण तू आत्ता आलीस कशी?"

"झेड ब्रिजवरून."

"मग गाठीलाही सापडेल की झेड ब्रिज."

पुढच्या भेटीत तिने हेच मॅडमना विचारलं. मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. होतं असं, त्या म्हणाल्या. काही पेशींत बिघडलेल्या बीआरसीएमध्येच आणखी एक बदल होतो आणि वाक्य पुन्हा वाचता येऊ लागतं. म्हणजे लकडी पूलच उघडतो. काही पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात. आणि आमच्या पुलांच्या उपमेत मॅडमनी एक दुरुस्ती केली, ती मला अजून आवडते. गोळी पार्पला नुसतं थांबवत नाही, तर त्याला डीएनएवरच चिकटवून ठेवते. नुसतं पाणी आलेला पूल वेगळा आणि मधोमध बस आडवी बंद पडलेला पूल वेगळा. दुसऱ्यात जास्त नुकसान. हे २०१२ मध्ये अमेरिकेत जुनको मुराई आणि यीव्ह पोमिए यांच्या गटाने दाखवलं. या जातीच्या औषधांची ताकद कमीजास्त का, त्याचा बराचसा उलगडा त्यातून झाला.

नंतर रात्री जागून मी वाचत सुटले. झोप नव्हतीच. दोन्ही रस्ते बंद झाले की मरण, एक बंद असला तर काही नाही, ही गोष्ट मुळात फळमाशांवरच्या प्रयोगांतून पुढे आली. कॅल्विन ब्रिजेस यांनी १९२२ मध्येच अशी जोडी पाहिली होती. पार्पचा माग १९६३ पासूनचा, स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शाम्बों यांच्याकडचा. आणि या दोन्ही गोष्टी कर्करोगात एकत्र आल्या त्या २००५ च्या एप्रिलमध्ये. 'नेचर'च्या एकाच अंकात पाठोपाठ दोन निबंध, एक शेफील्डच्या थॉमस हेलडे यांच्या गटाचा, दुसरा लंडनच्या अॅलन अॅशवर्थ यांच्या गटाचा. बीआरसीए नसलेल्या पेशी पार्प अडवलं की मरतात, बाकीच्या तगतात. ओलापरिब तेव्हा केंब्रिजच्या कुडॉस नावाच्या छोट्या कंपनीकडे होतं, ती पुढे अॅस्ट्राझेनेकाने घेतली.

मधली एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. २०११ मध्ये इनिपरिब नावाचं औषध मोठ्या चाचणीत आपटलं. त्याला पार्परोधक म्हणून नाचवलं होतं. नंतर प्रयोगशाळेत दिसलं, ते पार्पला धड अडवतच नव्हतं. त्याच्यामुळे सगळ्या जातीचं नाव खराब झालं. त्याच वर्षाच्या शेवटी ओलापरिबचं अंडाशयाच्या कर्करोगातलं कामही कंपनीने थांबवलं होतं, २०१३ मध्ये ते परत हाती घेतलं आणि २०१४ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजुरी मिळाली. एखाद्या हिशेबनिसाने २०११ मध्ये ही फाईल कायमची बंद केली असती, आणि त्या हिशेबनिसाच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आईने गोळी सुरू केली त्याच महिन्यात, सप्टेंबर २०२२ मध्ये, तिच्यासारख्याच बायकांवरच्या चाचणीचे सात वर्षांचे आकडे आले. ३९१ जणी होत्या. दोन वर्षं ओलापरिब घेतलेल्यांपैकी ६७ टक्के सात वर्षांनी हयात होत्या, औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ४६.५ टक्के. आईला मी ते वाचून दाखवलं. "म्हणजे शंभरात तेहतीस तरीही जातात," ती म्हणाली. पेपर तपासणारी बाई. चुका आधी दिसतात.

आता पैसे. गोळीचा महिन्याचा खर्च तिच्या निवृत्तिवेतनात बसणारा नव्हता, कितीतरी पटींनी नव्हता. कंपनीची रुग्णांसाठी योजना असते, तिचा अर्ज हॉस्पिटलमधूनच भरून घेतात. त्यातून काही पाकिटं सुटली. उरलेल्यासाठी मी विम्याचा क्लेम लावला. तो परत आला. कारण, रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता. अहो, गोळी गिळायला चोवीस तास दाखल व्हायचं? मी २०१९ च्या विमा नियामकाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आधुनिक उपचारांच्या यादीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी स्वच्छ लिहिलेली होती. उत्तर आलं की ही केमोथेरपी नाही, ही लक्ष्यवेधी औषधयोजना आहे. म्हणजे शास्त्र पुढे गेलं म्हणून क्लेम मागे. पुढची पत्रापत्री सांगत बसत नाही, पण एवढं सांगते की विमा लोकपालांचं कार्यालय नारायण पेठेत केळकर रस्त्यावर आहे, आईच्या घरापासून चालत. मी तक्रार दाखल केली. सुनावणीच्या आधीच कंपनीचा फोन आला आणि पॉलिसीतल्या मर्यादेपर्यंतची रक्कम मिळाली. सगळी नाही. प्रत्येक पत्राची पोच घेऊन ठेवली होती, तिचा उपयोग झाला.

आणि रोजची गोळी. सकाळी आठला दोन, रात्री आठला दोन, दीडशे मिलिग्रॅमच्या, हिरवट रंगाच्या. तोडायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायच्या नाहीत. पहिले तीन आठवडे मळमळीने तिला हैराण केलं. फोडणीचा वास नको, उदबत्ती नको. मेतकूट-भात आणि आमसुलाचं सार, एवढ्यावर ती होती. मळमळीची गोळी अर्धा तास आधी द्यायला लागलो तेव्हा जरा निभावलं. मी चौकटी आखून एक वही केली. तारीख, दोन वेळच्या गोळ्या, वजन, महिन्याचं रक्त. आई तिला 'रोजमेळ' म्हणायची.

चौथ्या महिन्यात रोजमेळात हिमोग्लोबिन ९.१. पाचव्यात ७.४. जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबून भिंतीला टेकायची, आणि कोणी बघितलं तर चष्मा पुसायला थांबल्याचं नाटक करायची. पार्प एक नसतं, भावंडं आहेत. त्यातल्या पार्प-२ चा तांबड्या पेशी तयार होण्याशी संबंध आहे, आणि ही गोळी दोघांनाही धरते. गोळी बंद, दोन बाटल्या रक्त, तीन आठवडे नुसती वाट बघणं. ते तीन आठवडे मला गोळीच्या त्रासापेक्षा वाईट गेले. पूल उघडा ठेवल्यासारखं वाटत होतं. मग परत सुरू केली ती कमी मात्रेवर, एका वेळी अडीचशे. म्हणजे दीडशेची एक हिरवी आणि शंभरची एक पिवळी. घरात हिरव्यांची पाकिटं साठलेली, पिवळ्या नव्याने आणायच्या. सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्याने शंभरच्या मागवायला चार दिवस घेतले आणि वर मलाच विचारलं, "तुम्ही फार्मा लाईनमध्ये का?" केवळ पार्प-१ ला धरणारं सारुपरिब नावाचं नवं औषध चाचण्यांमध्ये आहे. रक्त कमी उतरेल अशी त्याच्याकडून आशा. आईला ते मिळालं नाही, तिच्या पुढच्यांना कदाचित मिळेल.

चूक माझ्या हातूनही झाली. दुसऱ्या पावसाळ्यात आईच्या मांडीला नायटा झाला. जवळच्या दवाखान्यातून इट्राकोनॅझोल लिहून मिळालं, मी आणून दिलं. दोन दिवस तिने घेतलं. तिसऱ्या दिवशी ओलापरिबच्या पाकिटातला घडीचा कागद पुन्हा चाळताना माझ्या पोटात गोळा आला. यकृतातलं जे एन्झाइम ओलापरिबची विल्हेवाट लावतं, त्यालाच इट्राकोनॅझोल बांधून ठेवतं. म्हणजे गोळी तेवढीच, पण रक्तात तिचं प्रमाण चढत जाणार. एन्झाइम अडवण्याच्या औषधाला बाहेर काढणारं एन्झाइम अडवणारं औषध. मी रात्री साडेनऊला मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. "नायट्याला नुसतं मलम चालेल. आणि यापुढे खोकल्याची गोळी असली तरी आधी मला विचारा," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी रक्त तपासलं, ठीक होतं. पण ज्या दवाखान्यात गेलो तिथे ओलापरिबचं नाव आम्ही सांगितलंच नव्हतं. नायट्याचा आणि त्याचा काय संबंध, असं वाटलं होतं.

त्याच कागदावर ग्रेपफ्रूट वर्ज्य लिहिलेलं. पुण्यात ग्रेपफ्रूट कोण खातं, म्हणून मी ती ओळ सोडून दिली होती. गणपतीत कोकणातून मावशी आली ती पिशवीभर पपनसं घेऊन. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं पोर आहे. मावशीला हे पटवणं अशक्य. "देवापुढचं फळ बाधतं होय?" सगळी पपनसं मी शेजारी वाटली. आईने एक फोडही खाल्ली नाही, पण साल हातात घेऊन वास मात्र घेत बसली.

हे सगळं चालू असताना तो कोरा चौकोन तसाच होता.

हा दोष मुलाला किंवा मुलीला जाण्याची शक्यता निम्मी-निम्मी. भावाने बंगळूरला तपासून घेतलं, त्याचं नाही निघालं. माझं निघालं. मी तेव्हा एकोणचाळीस. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर साधारण पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान, मुलं झाली असतील तर, अंडाशय आणि नलिका काढून घ्याव्यात असं सांगतात. कारण अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडण्याची भरवशाची तपासणी नाही. रिपोर्ट घेऊन मी रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला नारायण पेठ सांगितलं, कोथरूड नाही. आईने वाचलं. "सॉरी," ती म्हणाली. आयुष्यात मला तिने हा शब्द पहिल्यांदा म्हटला असेल. मी म्हटलं, "अगं, तू मला नाकही दिलंयस, त्याचं काय." मग आम्ही दोघी जरा वेळ काहीच बोललो नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि वरण करपलं.

माझं ऑपरेशन २०२४ च्या मार्चमध्ये झालं, दुर्बिणीतून. घामाचे लोट आणि रात्रीची जाग अजून चालू आहे, त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन.

आईच्या गोळ्या सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्या. शेवटच्या दिवशी काही केलं नाही, रोजमेळाखाली दोन रेघा मारल्या, हिशेब बंद करताना मारतात तशा. सीए-१२५ नऊ. या गोळ्यांनी क्वचित अस्थिमज्जेचा वेगळा कर्करोग होतो, त्या चाचणीत दीड टक्के बायकांना झाला, म्हणून रक्ताकडे लक्ष ठेवायचं आहे. दर तीन महिन्यांनी जातो.

राहिला मामा. दोन वर्षांत आईने त्याला तीनदा सांगितलं होतं. "बायकांचा आजार आहे ताई, मला काय त्याचं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. तो रागीट माणूस नाही, घाबरट आहे. पुरुषालाही हा दोष येतो, त्याला काही न होता तो मुलीला देऊ शकतो, आणि मामाला एकच मुलगी, तीस वर्षांची, हडपसरला नोकरी. तिला मी परस्पर सांगू शकले असते. समुपदेशनवाल्या मुलीने सुचवलं, आधी त्यांना एक संधी द्या.

दिवाळीत सहकारनगरला गेलो. फराळ झाला. आईने मामाकडे माहेरचा कुलवृत्तांत मागितला. त्याने तो कपाटाच्या वरच्या फळीवरून काढला, फुंकर मारली. आईने पान काढलं. आजोबांचं नाव, शिक्षण, नोकरी, दोन ओळी. कंसात आजी, मृत्यू १९७१. आईने पर्समधून बॉलपेन काढलं आणि कंसाबाहेर मार्जिनमध्ये लिहिलं: अंडाशयाचा कर्करोग, बहुधा. खाली स्वतःचं नाव, वर्ष २०२२, तेच. त्याखाली माझं नाव आणि 'दोष आहे, आजार नाही'.

"अगं, पेनाने कशाला?" मामा म्हणाला. "पुस्तक आहे ते."

आईने उत्तर दिलं नाही. त्याचं नाव लिहून पुढे जागा सोडली, त्याच्या मुलीचं नाव लिहून पुढेही जागा सोडली आणि पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. मामा ते पान बघत बसला. चकलीचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

मामी इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली, चष्मा लावून पान वाचलं.

"यांचं आधी करायचं की पोरीचं?" तिने मला विचारलं.

"मामाचं आधी. त्याचं नाही निघालं तर तिचं करायलाच नको."

"उपाशीपोटी यावं लागतं?"

"नाही," मी म्हटलं. "खाऊन आला तरी चालतं."